परिपत्रक क्रमांक एकशे बारा

३ मार्च, सोमवार

आजच्या टपालात एक बीभत्स वस्तू आली. आमच्या रुग्णालयात बीभत्स वस्तूंची वाण नाही. तळमजल्यावरील प्रयोगशाळेत त्या बरण्यांत भरून, वर चिठ्ठ्या डकवून ठेवलेल्या असतात. ही मात्र कागदी होती. एका औषध कंपनीचे पत्र. हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी रक्तस्राव आवरण्यासाठी शिरेतून जे औषध देतात, त्याच्या एका बॅचमध्ये दोष निघाला असून ते मूत्रपिंडांस अपायकारक ठरते, असा आशय. आशयाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार भाषेविषयी आहे. “सदरहू बॅचची आपण कृपया नोंद घेण्याची कृपा करावी.” एका वाक्यात दोन कृपा! पुढे, “आपल्याकडील स्टॉक सेपरेट करण्यात येण्यात यावा.” वाचताना कोणी जिभेवर एरंडेलाचा चमचा उपडा केल्यासारखे झाले.

आमचा दंडक असा की बाहेरून आलेला कागद जसाच्या तसा शस्त्रक्रियागृहात जात नाही. तो प्रथम माझ्या मेजावर येतो. मी, पत्रव्यवहार अधीक्षक, वय वर्षे बावन्न, त्यास परिपत्रकाचे रूप देतो. मग त्यास क्रमांक पडतो, ते विभागाविभागांत फिरते आणि सोबतच्या तक्त्यावर ज्याची त्याची ‘वाचले, समजले’ अशी सही घेतली जाते. एकवीस वर्षे हे यज्ञकर्म अव्याहत चालू आहे. इमारतीत मला ‘शास्त्रीबुवा’ म्हणतात. उपहासाने म्हणतात, हे मी जाणतो. तथापि उपहासालाही पात्रता लागते.

पत्रावर ‘तातडीचे’ असा लाल शिक्का आहे. तो सर्वच पत्रांवर असतो.

४ मार्च, मंगळवार

पहिला मसुदा फाडला. ‘कुपी’ की ‘कुपिका’, यावर पूर्वाह्ण खर्ची पडला. ‘कुपिका’ विजयी झाली. कंपनीच्या पत्रातील दोन शब्दांचा एक गुळगुळीत, वृत्तपत्रीय वाक्प्रयोग निर्दयपणे कापला. असले शब्द हजारदा हाताळलेल्या नाण्यासारखे असतात, त्यांवरचा छाप उडालेला असतो.

घरी सौभाग्यवतीस मसुदा ऐकवला. ती शाळेत गणित शिकवते. संक्षेप हा तिचा दुर्गुण आहे. कणीक मळता मळता म्हणाली, “अहो, औषध वाईट आहे ना?”

“सदोष असण्याची संभाव्यता आहे.”

“मग ‘वापरू नका’ लिहा आणि हात धुऊन जेवायला बसा.”

मी मसुद्याची घडी घातली. काही प्रश्नांची पातळीच अशी असते.

५ मार्च, बुधवार

संपन्न! एकच वाक्य, परंतु काय वाक्य! येथे उतरवून ठेवतो:

“उपर्युक्त उत्पादकाने निर्मिलेल्या रक्तस्रावनिरोधक द्रव्याच्या अधोनिर्दिष्ट समूहांकाच्या कुपिकांचे उपयोजन, मूत्रपिंडांवरील संभाव्य प्रतिकूल परिणाम लक्षात घेता, पुढील निर्देशापर्यंत स्थगित ठेवणे श्रेयस्कर ठरेल, तथापि, अपरिहार्य प्रसंगी उपस्थित तज्ज्ञांच्या विवेकास या परिपत्रकाने बाधा येऊ नये.”

उत्तरार्ध माझा स्वतःचा. कंपनीच्या पत्रात तसे काही नव्हते. पण ‘श्रेयस्कर ठरेल’ येथे थांबले असते तर वाक्य एका पायावर उभ्या असलेल्या बगळ्यासारखे दिसले असते. आता दोन्ही पाय भुईवर आहेत. शिवाय डॉक्टर मंडळींना त्यांच्या विवेकाचा उल्लेख केलेला आवडतो; तो त्यांच्यापाशी असल्याचे त्यांना त्यामुळे आठवते.

परिपत्रक क्रमांक एकशे बारा दुपारी रवाना केले.

६ मार्च, गुरुवार

अकराच्या सुमारास चहा घेत असता शस्त्रक्रियागृहाच्या मुख्य परिचारिकेचा फोन. ही बाई बारा वर्षे येथे आहे, आवाज पत्र्यावर वाळू सांडल्यासारखा.

“शास्त्रीबुवा, तुमचं एकशे बारा हातात आहे. हे वापरायचं की नाही वापरायचं?”

“सिस्टर, वाक्याच्या अंतापर्यंत प्रवास करा. उत्तर गंतव्यस्थानी आपली वाट पाहत उभे आहे.”

“अहो, पेशंट टेबलावर आहे. छाती उघडलीय, रक्त थांबत नाहीये. कपाटात हाच एक खोका आहे. हो की नाही तेवढं सांगा.”

“‘अपरिहार्य’ या शब्दाचा अर्थ आपणास मी सांगावा, ही माझ्या विद्वत्तेची विटंबना आहे.”

ती हसली नाही. “बरं,” म्हणाली आणि फोन ठेवला. ‘विद्वत्तेची विटंबना’ हा अनुप्रास मला दिवसभर सुखवीत राहिला. तक्त्यावर तिची सही संध्याकाळी आली: वाचले, समजले.

१९ मार्च, बुधवार

मधले दिवस नोंदण्याजोगे नव्हते. उपाहारगृहाच्या फलकावर कोणी ‘स्वच्छता’ हा शब्द चार प्रकारे लिहिला असून त्यांतला एकही बरोबर नाही.

आज एक मुलगी आली. पंचविशीची, काखोटीला फुगलेली फाईल. वडील घड्याळे दुरुस्त करतात. हृदयाची झडप बदलली. झडप उत्तम चालली आहे, पण दोन्ही मूत्रपिंडे बंद पडली. आता आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुऊन घ्यावे लागते.

“काका, सहा तारखेला ऑपरेशन झालं. तेव्हा बाबांना काय काय दिलं, ते मला लेखी पाहिजे. चार खिडक्या फिरले. सगळे तुमच्याकडे बोट दाखवतात.”

मी तिला विहित नमुन्यातील अर्ज दिला. तिने तो उभ्या उभ्याच भरला आणि माझ्यासमोर धरून उभी राहिली. अर्जदाराने बसावे अशी आमच्याकडे सोय नाही.

“किती दिवस लागतील?”

“यथावकाश.”

“म्हणजे किती?”

या पिढीला शब्दांचे सौंदर्य कळत नाही.

२ एप्रिल, बुधवार

आज मी तीन माणसे आणि एक बिस्किटांचा पुडा यांच्या सहवासात दीड तास काढला. तोंडाला अद्याप बुरशीची चव आहे.

घड्याळजींच्या मुलीने वकिलामार्फत नोटीस दिली असून सरकारने चौकशीसाठी एक निवृत्त न्यायाधीशबाई नेमल्या आहेत. त्यावर प्रशासकांच्या खोलीत बैठक झाली. प्रशासक, शल्यविशारद आणि रुग्णालयाचे वकील. वकील बिस्किट चहात बुडवीत, ते तुटून आत पडे, मग ते दोन बोटांनी त्याचा लगदा उपसून तोंडात घालीत. हे करता करता एका माणसाच्या मूत्रपिंडांविषयी बोलत.

“कंपनी म्हणते, आम्ही तीन तारखेला कळवलं. म्हणजे ती सुटली. आपण पाच तारखेला परिपत्रक काढलं. म्हणजे आपण सुटलो. आता हे सहा तारखेला वापरलं कुणी?”

“मी औषध मागतो,” शल्यविशारद म्हणाले. “कुपीवरचा नंबर मी वाचत बसत नाही. हातात देते ती सिस्टर.”

“आणि सिस्टर कुणाची?”

“एजन्सीची,” प्रशासक म्हणाले. “बारा वर्षं कंत्राटावर आहे.”

वकिलांनी बोटे चाटली. “झालं तर मग. ती आपली नोकर नाही. चूक तिची आणि जबाबदारी तिची, फार तर एजन्सीची.”

“एजन्सीकडे भरपाई द्यायला आहे काय? एक खोली आणि एक टेबल.”

“ते त्या मुलीनं बघावं.”

तिघे हसले. मग वकील माझ्याकडे वळले. “शास्त्रीबुवा, तुमचं परिपत्रक म्हणजे सोनं आहे हो. बंदीही आहे आणि विवेकही आहे. सिस्टरनं तो वापरला नाही. तुमचं प्रतिज्ञापत्र लागेल, सूचना स्पष्ट होती एवढंच.”

एकवीस वर्षांत माझ्या गद्याची अशी स्तुती कोणी केली नव्हती. माझ्या पुढ्यातले बिस्किट मी परत पुड्यात ठेवले.

४ एप्रिल, शुक्रवार

परिचारिका आली होती. दार लोटून घेतले.

“एजन्सीनं घरी बसवलंय. नोंदणी रद्द करायची नोटीस आलीय. शास्त्रीबुवा, मी तुम्हाला फोन केला होता.”

“दिवसाला पन्नास फोन येतात, सिस्टर.”

“पेशंट टेबलावर आहे म्हणून सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, अपरिहार्यचा अर्थ मी काय सांगू. मी म्हटलं, छाती उघडी आहे, रक्त थांबत नाही, याहून अपरिहार्य आणखी काय असतं? दिली कुपी.”

“स्मरत नाही,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले. शस्त्रक्रियेनंतर बोळे मोजताना एक कमी भरला की ही मंडळी ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेने.

“आठवून बघा,” ती म्हणाली. “माझ्या घरात कमावणारी मी एकटीच आहे.”

स्मरत नाही, हे खरे नाही. ही दैनंदिनी मागे उलटून पाहिली. सर्व आहे. अनुप्रासासकट.

एक बचाव सुचतो. फोनवर मी ‘वापरा’ असे म्हटलेले नाही. मी काहीच म्हटलेले नाही. काहीच न म्हणण्याबद्दल मनुष्य उत्तरदायी कसा ठरेल? हा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने विचारणीय आहे. मी त्यावर विचार करीत आहे.

२० एप्रिल, रविवार

सोळा दिवस विचार चालला. आज सौभाग्यवतीने कपडे वाळत घालताना विचारले, “काय झालंय तुम्हाला? भाजीला नावं ठेवली नाहीत आठ दिवसांत.”

मी सर्व सांगितले. सांगताना ‘प्रक्रियात्मक संदिग्धता’ असा शब्दप्रयोग केला.

तिने हातातली चादर पिळली. “म्हणजे बाईनं विचारलं, विष देऊ का, आणि तुम्ही कोटी केलीत.”

“विष हा शब्द अतिरंजित आहे.”

“बरं. किडन्या गेल्या त्या माणसाच्या, तो शब्द चालेल?”

“तुला कायदा कळत नाही. मी बोललो तर नोकरी जाईल. कदाचित खटलाही होईल.”

“जाईल ना. माझी आहे.” तिने चादरीचे एक टोक माझ्या हाती दिले. “धरा. नीट धरा, जमिनीला टेकतंय.”

मी धरून उभा राहिलो. दोघांत मिळून सात कपडे वाळत घातले. ती मला शिव्या देती तर बरे झाले असते.

२१ एप्रिल, सोमवार

कंपनीचे मूळ पत्र काढून वाचले. मार्चनंतर प्रथमच. त्यातील पाचवी ओळ: “ही बॅच कोणत्याही परिस्थितीत वापरू नये.”

‘कोणत्याही परिस्थितीत’. मी कापलेले ते दोन गुळगुळीत शब्द हेच.

ते मी कापले आणि त्यांच्या जागी वाक्याच्या तोलासाठी परवानगी घातली. दोन कृपांचे ते गलिच्छ, ओशट पत्र एका माणसाची मूत्रपिंडे वाचवू शकत होते. माझे वाक्य त्या पत्राच्या आणि त्या माणसाच्या मध्ये येऊन उभे राहिले. दोन्ही पाय भुईवर ठेवून.

प्रक्षालनगृहात जाऊन ओकलो. पूर्वी मी ‘वांती’ असे लिहिले असते.

८ मे, गुरुवार

घड्याळजींना पाहून आलो. कोणी पाठवले नव्हते. का गेलो, सांगता येत नाही. आपण त्यांना ओळखत नाही एवढी एक सबब उरली होती, तीही आता गेली.

रक्तशुद्धीच्या खोलीत आठ खाटा, आठ यंत्रे. नळीतून रक्त फिरताना दिसते. फिनेल आणि उकडलेल्या रबराचा वास. गृहस्थ साठीचे, बारीक, उजव्या डोळ्याभोवती भिंगाचे कायमचे वळ. पाय सुजून उशीसारखे झालेले. मी ओळख दिली.

“हां, हां! ते पत्रक तुमचं! बसा, बसा. पोरीनं वाचून दाखवलं दोनदा. छान लिहिता हो. मला कळलं काहीच नाही.”

यात टोमणा नव्हता. असता तर मी त्याच्या आड लपलो असतो.

“आमच्या धंद्यात इतकं लिहावं लागत नाही,” ते पुढे म्हणाले. “घड्याळ बिघडलेलं असलं की पट्ट्याला चिठ्ठी बांधायची, ‘बंद आहे’. नाहीतर गिऱ्हाईक चुकून तेच घेऊन जातं.” मग थोडे थांबून, “दिवसाला पाऊण लीटर पाणी देतात मला. सगळं धरून. उन्हाळ्यात जीव जातो. तुम्ही पाणी प्यालात का? ए, काकांना पाणी दे गं.”

मुलीने पेला भरून माझ्या हाती दिला. तिचे वडील त्या पेल्याकडे पाहत होते. पेला कोठे ठेवावा ते मला कळेना. शेवटी तसाच हातात धरून बाहेर आलो आणि जिन्यातल्या मोरीत ओतला. ओतताना वाटले, मी यापेक्षा घाणेरडे काम क्वचितच केले असेल. आणि मग आठवले, केले आहे.

२१ मे, बुधवार

वकिलांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा पाठवला. “सदर परिपत्रकातील सूचना स्पष्ट व निःसंदिग्ध होती. त्याबाबत कोणत्याही कर्मचाऱ्याने माझ्याकडे तोंडी वा लेखी स्पष्टीकरण मागितले नाही.” खाली माझ्या सहीसाठी ठिपके.

मी म्हणालो, “भाषा थोडी तपासतो.”

“तपासा की! तुमचा प्रांत आहे तो.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “शास्त्रीबुवा, तुम्ही कायम नोकरीत आहात, म्हणजे आपलेच आहात. तुमची चूक निघाली तर ती रुग्णालयाची चूक होते आणि सगळी जबाबदारी आपल्या गळ्यात येते. कंत्राटी बाईची निघाली तर बाईची. एवढं लक्षात ठेवा. आणि हो, तुमच्यावर फौजदारीही होऊ शकते. घाबरवत नाही, फक्त माहिती देतोय.”

प्रशासक दारात उभे राहून मान डोलवीत होते. यांनी याच महिन्यात मला बढती सुचवली आहे. पदनाम मीच तयार करावे, असेही सांगितले. चार महिन्यांपूर्वी मी त्यावर एक सप्ताह आनंदाने घालवला असता. आज त्यांच्या डोलणाऱ्या मानेकडे पाहून वाटले, ही माणसे दुष्ट असती तर द्वेष करता आला असता. ती केवळ चिकट आहेत. त्यांचा स्पर्श झालेली प्रत्येक गोष्ट हाताला लागते, आणि मी एकवीस वर्षे त्यांना शब्द पुरवीत आलो.

१ जून, रविवार

माझे स्वतःचे निवेदन लिहावयास बसलो. सकाळपासून पाच मसुदे. पहिल्यात मी ‘अनवधानाने उद्भवलेल्या शब्दयोजनेचा’ खेद व्यक्त केला. शब्दयोजना म्हणे उद्भवली! पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तशी! दुसऱ्यात ‘संवादातील अपुरेपणा’ होता. तिसऱ्यात मी इतका नम्र होतो की कोणी वाचून माझा सत्कारच केला असता. चौथा आणि पाचवा वर्णन करण्याच्या योग्यतेचे नाहीत. माझ्या लेखणीतून आता अंगाला तेल चोळलेली वाक्येच निघतात. पकडू जाता निसटतात.

सौभाग्यवती उत्तरपत्रिका तपासत समोर बसली होती. पाचवा मसुदा तिच्यापुढे सरकवला. तिने लाल पेनने एकेक शब्द कापीत नेला. कागदावर सहा-सात शब्द उरले, त्यांतले तीन तारखा होत्या.

“आता राहिलेलं लिहा,” ती म्हणाली.

“राहिलेले काय?”

“कुणी केलं ते.”

संपूर्ण निवेदनात ‘मी’ हा शब्द कोठेही नव्हता. मी पाहिलेच नव्हते.

१० जून, मंगळवार

परिचारिकेच्या घरी गेलो. दोन खोल्या, तिसरा मजला, आईला दम्याचा विकार. उंबऱ्यातच उभे ठेवले.

“परवा चौकशीत काय बोलायचं ते ठरवायला आलात का?”

“नाही. काय बोलणार आहे ते सांगायला आलो.”

सांगितले. ती ऐकत राहिली. आतून आईचा खोकला ऐकू येत होता.

“म्हणजे आठवलं,” ती म्हणाली.

“विसरलोच नव्हतो.”

“ते मला तेव्हाच कळलं होतं.” दार लावण्यापूर्वी म्हणाली, “तिथं गेल्यावर नीट बोला. तुमचं ते बोलू नका.”

१२ जून, गुरुवार

चौकशी एका शाळेच्या सभागृहात भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या आणि खडखडणारा पंखा. न्यायाधीशबाई चष्म्यावरून पाहतात. पहिल्या रांगेत मुलगी, शेवटच्या रांगेत परिचारिका, आणि मध्ये कंपनीचे दोन वकील, टाय लावलेले, निश्चिंत.

आमच्या वकिलांनी अगोदर परिपत्रक वाचून दाखवले. चांगले वाचले. माझेच वाक्य त्या सभागृहात, अचूक उच्चारांसह, स्वल्पविरामांशी थांबत थांबत, आणि मला ते ड्रेनेजचे झाकण उघडल्यासारखे वाटले. मग मला पुढे बोलावले. वकिलांच्या हाती त्यांचा टंकलिखित कागद होता. मी माझ्या खिशातला काढला आणि वाचला. तो असा:

“तीन मार्चला कंपनीचं पत्र आलं. ‘कोणत्याही परिस्थितीत वापरू नये’ असं त्यात होतं. ते शब्द मी काढले. अडचणीच्या वेळी वापरायला हरकत नाही, अशा अर्थाचं वाक्य मी घातलं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. चांगलं दिसेल म्हणून घातलं. या कामात मी दोन दिवस घालवले. सहा मार्चला अकरा वाजता सिस्टरांनी मला फोन केला. पेशंट टेबलावर आहे, वापरायचं की नाही, असं विचारलं. मला उत्तर माहीत होतं. मी दिलं नाही. मी थट्टा केली.”

आमचे वकील उठले. “आपण मानसिक तणावाखाली आहात का?”

“नाही.”

“आपण भाषेचे जाणकार आहात. आपली सूचना अस्पष्ट होती, असं आपलं म्हणणं आहे?”

“अस्पष्ट नव्हती. चुकीची होती.”

“फोन झाल्याचा पुरावा काय?”

“मी दैनंदिनी लिहितो. त्या दिवशीची नोंद आहे.”

“ती आपण नंतरही लिहिलेली असू शकते.”

“नंतर लिहिली असती तर मी त्यात इतका हरामखोर दिसलो नसतो.”

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवले. “वही आणलीय?”

दिली. त्यांनी सहा मार्चचे पान वाचले. एकदाच. अनुप्रासापाशी त्यांची भुवई किंचित उंचावली, ती मी पाहिली. पुढे आयुष्यभर पाहत राहीन. त्यांनी नोंद लिहवून घेतली: चुकीचा आदेश रुग्णालयाच्या कायम अधिकाऱ्याने, अधिकृत कामात काढला, सबब जबाबदारी रुग्णालयाकडेच राहील, कंत्राटाची सबब चालणार नाही. शल्यविशारदांनी कुपी न पाहता औषध का वापरू दिले, तो प्रश्न स्वतंत्र. परिचारिकेच्या नोंदणीवरील कारवाई थांबवावी. कंपनीचे वकील निश्चिंतच होते, त्यांना उद्देशून बाई म्हणाल्या, “तुम्ही उठू नका. सदोष माल मुळात बाहेर पडला कसा, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.”

त्यांनी वहीच्या त्या पानांच्या छायाप्रती काढून घेऊन वही परत दिली. म्हणून हे लिहिता येते आहे.

बाहेर पायरीवर परिचारिका भेटली. मला वाटले, आभार मानील. माझ्यात ती अपेक्षा होती, हे लिहून ठेवतो.

“नोंदणी राहिली,” ती म्हणाली. “पण कुपी मीच फोडली ना? मीच भरली, मीच दिली. तुम्ही आज बोलून मोकळे झालात. मला कुठं बोलायला जायचं?” आणि बसथांब्याकडे निघून गेली.

मी मोकळा झालेलो नाही. परंतु तिला तसे सांगणे म्हणजे पुन्हा स्वतःविषयीच बोलणे झाले असते.

१३ जून, शुक्रवार

निलंबनाचा आदेश सकाळी अकरा वाजता हाती पडला. माझ्या मेजावरून मला माझा पेला आणि छत्री नेऊ दिली. शब्दकोश रुग्णालयाच्या मालकीचे निघाले. प्रशासक खोलीतून बाहेर आले नाहीत. फौजदारी करायची की नाही, याचा विचार वरच्या पातळीवर चालू आहे असे कळले.

फाटकाशी मुलगी उभी होती. काखेत तीच फाईल, आता दोरीने बांधलेली. वडिलांचा आज यंत्राचा दिवस होता.

“काका, आमचे वकील म्हणाले, खरा दावा आता सुरू होणार. दोन वर्षं लागतील, कदाचित तीन. तिकडून मोठे वकील येतील. तुम्हाला पुन्हा उभं करतील, उलटसुलट विचारतील, वेडं ठरवतील.” ती थांबली. माझ्याविषयी तिच्या चेहऱ्यावर क्षमा नव्हती, आणि मीही ती शोधत नव्हतो. “बाबा तोवर असतील की नाही, माहीत नाही. तुम्ही येऊन परत हेच सांगाल का?”

माझ्या ओठांवर अनेक वाक्ये आली. परिस्थितीनुरूप, यथाशक्ती, प्रकृतीने साथ दिल्यास. सगळी सुबक होती.

“हो,” मी म्हणालो.

ती आणखी काही ऐकण्यासाठी थोडी थांबली. मी काही बोललो नाही. मग तिने फाईल दुसऱ्या काखेत घेतली आणि वडिलांकडे आत गेली.